गिटची स्थापना आणि कॉन्फिगरेशन

गिट हे फाइलींत वेळोवेळी होणाऱ्या बदलांचा इतिहास जपणारे मुक्तस्रोत साधन आहे. ते मुख्यतः टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याच्या खिडकीतून, चालवले जाते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे त्याचा सर्वाधिक वापर करतात; तथापि पुस्तकाचे हस्तलिखित, शब्दकोश, भाषांतर किंवा संशोधनाची टिपणे असा कोणताही साधा मजकूर त्यात ठेवता येतो. गिट संगणकावर बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे. बसवल्यानंतर वापरकर्त्याची ओळख, मजकुराची पद्धत आणि सुरक्षिततेचे नियम गिटला सांगावे लागतात. यास कॉन्फिगरेशन म्हणतात. यांपैकी बरीचशी सेटिंग्ज केव्हाही बदलता येतात. काहींचा परिणाम मात्र पहिल्याच नोंदीपासून इतिहासात उतरतो आणि मागाहून तो पुसणे अतिशय जिकिरीचे होते. त्यामुळे कोणती सेटिंग्ज कामाला आरंभ करण्यापूर्वी ठरवावीत, हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

या लेखात आज्ञा व सेटिंग्जची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

पार्श्वभूमी

लिनक्स या संचालन प्रणालीचा गाभा जगभरातील शेकडो लोक मिळून लिहितात. २००२ पासून या कामासाठी बिटकीपर हे एका खासगी कंपनीचे साधन विनामूल्य वापरले जात होते. २००५ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच नोंदवला जाऊ लागला. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी देखभालीची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. गिट हे जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध आहे.

गिटमध्ये मध्यवर्ती सर्व्हर असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते. या संग्रहास रिपॉझिटरी किंवा भांडार म्हणतात आणि त्यातील प्रत्येक नोंदीस कमिट. एकदा सहकाऱ्यांनी भांडाराची प्रत घेतली, की तिच्यावर मूळ लेखकाचा ताबा राहत नाही. कॉन्फिगरेशनमधील चुका महाग पडतात त्या याच कारणाने.

स्थापना

डेबियन व उबुंटू या लिनक्स वितरणांत ‘सुडो एप्ट इन्स्टॉल गिट’ ही आज्ञा पुरेशी असते. फेडोरात ‘एप्ट’ऐवजी ‘डीएनएफ’ वापरतात. मॅकवर टर्मिनलमध्ये नुसते ‘गिट’ असे टंकले, तरी ते नसल्यास अ‍ॅपलची विकसक-साधने बसवण्याची विचारणा होते. विंडोजसाठी ‘गिट फॉर विंडोज’ हा स्वतंत्र संच आहे. त्यासोबत ‘गिट बॅश’ नावाचे टर्मिनल मिळते व त्यात लिनक्ससारख्याच आज्ञा चालतात. स्थापना झाल्यावर ‘गिट --व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. आवृत्तीचा क्रमांक दिसला, म्हणजे काम झाले.

विंडोजवरील स्थापनेत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे एकामागून एक प्रश्न विचारले जातात: संपादक कोणता, पहिल्या शाखेचे नाव काय, ओळींचा शेवट कसा साठवावा, पासवर्ड कोणी सांभाळावा. बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जातात. या प्रश्नांची उत्तरे कॉन्फिगरेशनमध्ये लिहिली जातात. म्हणजे एकही सेटिंग केलेले नाही असे वाटत असताना काही सेटिंग्ज आधीच झालेली असतात.

कॉन्फिगरेशनच्या पातळ्या

गिटची सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. चौकोनी कंसात विभागाचे नाव आणि त्याखाली ‘नाव = मूल्य’ अशा ओळी, असे तिचे रूप असते. ही फाइल कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते, आणि एकदा तरी ती वाचावी. ‘गिट कॉन्फिग’ ही आज्ञा नेमके काय करते ते त्यामुळे स्पष्ट होते.

अशा फाइली प्रामुख्याने तीन ठिकाणी असतात. ‘सिस्टिम’ पातळीवरील फाइल त्या संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होते. लिनक्सवर ती सामान्यतः ‘/ईटीसी/गिटकॉन्फिग’ येथे आढळते. ‘ग्लोबल’ पातळीची फाइल वापरकर्त्याच्या गृह-फोल्डरमध्ये ‘.गिटकॉन्फिग’ या नावाने असते. ‘लोकल’ पातळीची फाइल प्रत्येक भांडारातील ‘.गिट’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. ‘ग्लोबल’ हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे. त्या पातळीची सेटिंग्ज साऱ्या संगणकाला लागू होत नाहीत, तर फक्त त्या एका वापरकर्त्याच्या सर्व भांडारांना लागू होतात. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

गिट या फाइली वरील क्रमाने वाचते आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी आढळल्यास शेवटी वाचलेले मूल्य ग्राह्य धरते. म्हणून लोकल हे ग्लोबलवर आणि ग्लोबल हे सिस्टिमवर मात करते. आज्ञा देतानाच दिलेले मूल्य या तिन्हींवर मात करते. काही थोडी सेटिंग्ज याला अपवाद असून त्यांची मूल्ये एकमेकांत मिळवली जातात. पासवर्ड सांभाळणाऱ्या साहाय्यकाचे सेटिंग हे त्यांपैकी एक.

एखादे सेटिंग अपेक्षेप्रमाणे चालत नसेल, तर तर्क करीत बसण्यापेक्षा ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक मूल्य कोणत्या फाइलीतून आले ते तीत दिसते. २०२४ मधील २.४६ या आवृत्तीपासून ‘गिट कॉन्फिग लिस्ट’, ‘गिट कॉन्फिग गेट’ आणि ‘गिट कॉन्फिग सेट’ अशी अधिक सुबोध रूपे आली आहेत. जुनी रूपेही चालतात.

भांडाराची प्रत गिटद्वारे घेतली, तर मूळ भांडारातील लोकल कॉन्फिगरेशन सोबत येत नाही. हे मुद्दाम केलेले आहे, त्याचे कारण पुढे सुरक्षिततेच्या विभागात येईल. नवा संगणक घेतल्यावर सेटिंग्ज पुन्हा करावी लागतात तीही यामुळेच.

नाव व ईमेल

‘यूझर.नेम’ आणि ‘यूझर.ईमेल’ ही दोन सेटिंग्ज इतर सर्वांच्या आधी करावयाची असतात. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.नेम’ असे लिहून त्यापुढे अवतरणचिन्हांत नाव द्यावे; ईमेलचेही तसेच. अवतरणचिन्हे वगळल्यास काय होते हे मराठी वापरकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे, कारण आपले पूर्ण नाव तीन शब्दांचे असते. नाव व आडनाव असे दोनच शब्द चिन्हांविना दिले, तर पहिला शब्दच नाव म्हणून साठवला जातो आणि कोणतीही तक्रार होत नाही. तीन शब्द दिले तर आज्ञाच नाकारली जाते, आणि ते एका अर्थी बरेच. शब्दप्रक्रियकातून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हेही चालत नाहीत. कीबोर्डवरील सरळ चिन्हेच वापरावीत.

नाव देवनागरीत देता येते. गिट नाव यूटीएफ-८ या संकेतनात जपते, आणि इतिहासात ते जसेच्या तसे दिसते. मात्र घरच्या संगणकावर देवनागरी व कार्यालयातील संगणकावर रोमन असे झाल्यास योगदानांची मोजणी करताना एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. कोणतेही एक रूप ठरवून सर्वत्र तेच ठेवावे.

या दोन सेटिंग्जना एवढे महत्त्व का, हे नोंदीची रचना पाहिल्यास कळते. प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असतात: फाइलींची त्या क्षणीची अवस्था, आधीच्या नोंदीचा क्रमांक, लेखकाचे नाव, ईमेल व वेळ, नोंद करणाऱ्याचे नाव, ईमेल व वेळ, आणि संदेश. या सर्वांवर गणिती प्रक्रिया करून नोंदीचा ओळख-क्रमांक काढला जातो. एसएचए-१ या प्रचलित पद्धतीत तो ४० चिन्हांचा असतो. नावातील एक वेलांटी बदलली तरी हा क्रमांक पूर्णपणे बदलतो. पुढील नोंदीत तो क्रमांक समाविष्ट असल्यामुळे तिचाही क्रमांक बदलतो, तिच्या पुढचीचाही, आणि असे अगदी शेवटच्या नोंदीपर्यंत. म्हणून जुन्या नोंदीतील नाव ‘सुधारणे’ ही गोष्ट गिटमध्ये मुळी अस्तित्वातच नाही. तेथून पुढचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि ज्यांच्याजवळ जुनी प्रत आहे त्यांचा इतिहास आपल्याशी जुळेनासा होतो.

ही सेटिंग्ज केलेलीच नसतील तर गिट संगणकावरील खात्याचे नाव आणि यंत्राचे नाव जोडून स्वतःच एक ओळख तयार करू पाहते. ते न जमल्यास आधी आपली ओळख द्या असे सांगून थांबते. पहिली शक्यता अधिक त्रासदायक, कारण तीत काम अडत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षात, जेथे खाते सर्वांचे एकच असते, तेथे वर्गातील साऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाच निरर्थक नावावर जमा होऊ शकतात, किंवा आदल्या दिवशी त्या यंत्रावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर. ‘यूझर.यूझकॉन्फिगओन्ली’ हे सेटिंग ‘ट्रू’ केल्यास गिट तर्क करणे सोडते. सामायिक यंत्रावर नाव ग्लोबल पातळीवर न ठेवता लोकल पातळीवर, प्रत्येक भांडारात ठेवावे.

ईमेलच्या बाबतीत प्रश्न खासगीपणाचा आहे. भांडार सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवले की प्रत्येक नोंदीतील ईमेल कोणासही वाचता येतो. संकेतस्थळावरील खात्यात पत्ता लपवण्याची सोय केली असली, तरी नोंदीत आधीच लिहिलेला पत्ता त्यामुळे लपत नाही. गिटहब यासाठी ‘नोरिप्लाय’ प्रकारचा पर्यायी पत्ता देते, आणि तो ‘यूझर.ईमेल’मध्ये घातल्यास खरा पत्ता इतिहासात जात नाही. हे पहिल्या नोंदीपूर्वीच करावे लागते. विशेषतः अल्पवयीन विद्यार्थ्यांना गिट शिकवताना शिक्षकांनी या बाबीकडे दुर्लक्ष करू नये.

गिट या नावाची कोणतीही पडताळणी करीत नाही. ‘यूझर.नेम’मध्ये कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. म्हणून इतिहासात एखाद्याचे नाव आढळले, एवढ्यावरून ते काम त्यानेच केले असे सिद्ध होत नाही. ज्यांना खात्री हवी त्यांच्यासाठी नोंदीवर सांकेतिक स्वाक्षरी करण्याची सोय आहे. २०२१ च्या २.३४ या आवृत्तीपासून ती एसएसएचच्या किल्लीनेही करता येते.

नोकरीच्या कामासाठी एक पत्ता आणि घरच्या कामासाठी दुसरा, अशी गरज अनेकांना असते. २०१७ मधील २.१३ या आवृत्तीत आलेल्या ‘इन्क्लूडइफ’मुळे फोल्डरनुसार वेगळी कॉन्फिगरेशन-फाइल लावता येते. त्यात फोल्डरचा मार्ग तिरक्या रेघेने संपवावा. ती रेघ राहून गेली तर आतील भांडारांना नियम लागू होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही.

चूक झालीच तर काय करावे? शेवटच्याच नोंदीत चूक असून ती अद्याप कोठे पाठवलेली नसेल, तर सेटिंग सुधारून ‘गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर’ ही आज्ञा द्यावी. नोंदी अनेक असल्या, पण भांडार अजून आपल्याजवळच असले, तर ‘गिट फिल्टर-रेपो’ हे वेगळे साधन बसवून सर्व इतिहास नव्याने लिहिता येतो. भांडार इतरांपर्यंत पोहोचल्यानंतर मात्र इतिहासास हात न लावणे श्रेयस्कर. अशा वेळी मुख्य फोल्डरमध्ये ‘.मेलमॅप’ नावाची फाइल ठेवून जुन्या नावाऐवजी नवे नाव दाखवावे असे सांगता येते. त्यामुळे दिसणारे नाव बदलते, मूळ नोंद तशीच राहते. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललेल्या व्यक्तींसाठीही हाच मार्ग सोयीचा आहे. उघड झालेला ईमेल झाकण्यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही, कारण जुना पत्ता मूळ नोंदींतही राहतो आणि बहुधा त्या फाइलीतही लिहावा लागतो.

संपादक

नोंदीचा संदेश लिहिण्यासाठी गिट संपादक उघडते. काहीही ठरवलेले नसल्यास तो सामान्यतः ‘व्हीआय’ किंवा ‘व्हिम’ असतो. त्यातून बाहेर कसे पडावे हे न कळल्यामुळे अनेकांनी टर्मिनलच बंद केलेले आहे. एस्केप कळ दाबून, अपूर्णविराम, क्यू आणि उद्गारचिन्ह टंकून एंटर दाबले म्हणजे काही न साठवता बाहेर पडता येते. ‘कोअर.एडिटर’मध्ये ‘नॅनो’ हा सोपा संपादक ठेवल्यास हा प्रसंग येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरणाऱ्यांनी ‘कोड --वेट’ असे लिहावे. ‘--वेट’ नसेल तर संदेश लिहिण्याआधीच गिट पुढे जाते आणि संदेश रिकामा समजून नोंद रद्द करते.

ओळींचा शेवट

टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया कराव्या लागत: गाडा उजवीकडे सरकवून पुन्हा ओळीच्या आरंभी आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. विंडोजने या दोन्ही खुणा जपल्या. तेथे ओळीच्या शेवटी ‘सीआर’ व ‘एलएफ’ अशी दोन अदृश्य चिन्हे असतात. लिनक्स व मॅकवर फक्त ‘एलएफ’ असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण गिट फाइलींची तुलना चिन्हागणिक करते. म्हणून विंडोजवरील सहकाऱ्याने शंभर ओळींच्या फाइलीत एक अनुस्वार सुधारला आणि त्याच्या संपादकाने सर्व शेवट बदलले, तर इतिहासात शंभरच्या शंभर ओळी बदललेल्या दिसतात. खरी दुरुस्ती कोणती ते शोधणे अशक्यप्राय होते.

‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ हे सेटिंग यासाठी आहे. विंडोजवर ते ‘ट्रू’ ठेवतात. मग भांडारात ‘एलएफ’ साठवले जाते व कामाच्या फाइलीत दोन्ही चिन्हे येतात. लिनक्स व मॅकवर ‘इनपुट’ हे मूल्य पुरते. परंतु हे सेटिंग ज्याचे त्याच्या संगणकावर असल्यामुळे एका सहकाऱ्याचा विसर सर्वांना भोवतो. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे भांडारातच ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ ही फाइल ठेवून तीत तारकाचिन्ह आणि ‘टेक्स्ट=ऑटो’ अशी एक ओळ लिहिणे. ही फाइल भांडारासोबत प्रवास करते आणि वैयक्तिक सेटिंगवर मात करते. भांडार जुने असेल तर त्यानंतर एकदा ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ’ ही आज्ञा, पुढे चालू फोल्डर दर्शवणारा टिंब देऊन, चालवावी.

देवनागरी मजकूर व फाइलींची नावे

फाइलीचे नाव देवनागरीत ठेवून ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा दिली, की पहिल्यांदा धक्काच बसतो. ‘कविता’ या नावाच्या जागी अवतरणचिन्हांत \३४०\२४४\२२५\३४०\२४४\२६५ अशी आकड्यांची माळ सुरू होते. फाइल बिघडलेली नसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि गिट मूळ स्थितीत अशा प्रत्येक बाइटाचा अष्टमान अंक छापते. \३४०\२४४\२२५ म्हणजे केवळ ‘क’. ‘कविता’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट, आणि पडद्यावर तिरक्या रेघांसह साठ अक्षरे. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ ही आज्ञा दिली की नावे सरळ देवनागरीत दिसू लागतात. मराठीत काम करणाऱ्यास नाव व ईमेल यांच्या पाठोपाठ करण्यासारखे हेच सेटिंग आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत ते अपवादानेच आढळते.

त्यानंतरही बदलांच्या यादीत कोनी कंसातील सांकेतिक अक्षरे दिसत असतील, तर दोष ‘लेस’ या पाने उलटणाऱ्या साधनाचा असतो. ‘लेसकॅरसेट’ या पर्यावरण-चलाचे मूल्य ‘यूटीएफ-८’ केल्यास तो दूर होतो.

याहून अवघड प्रश्न ‘ऱ’ या अक्षराचा आहे. मराठीत ‘शेतकऱ्यांचे’, ‘दुसऱ्या’, ‘नोकऱ्या’ अशा शब्दांत ते पदोपदी येते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. पण ‘र’ व त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही तेच अक्षर तयार होते, आणि युनिकोड या दोन्ही रूपांना समतुल्य मानते. गिटच्या दृष्टीने मात्र पहिले तीन बाइट आणि दुसरे सहा बाइट, म्हणून ती दोन वेगळी नावे ठरतात. मॅकवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. त्यामुळे लिनक्सवरील एक फाइल मॅकवर गेली की गिटला तेथे अनोळखी फाइल दिसे. ‘कोअर.प्रीकंपोझयुनिकोड’ हे केवळ मॅकसाठी असलेले सेटिंग ‘ट्रू’ ठेवल्यास नावे पुन्हा संयुक्त रूपात आणली जातात.

पण अर्धा ‘ऱ’ आणखी एका रीतीने लिहिला जातो: ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह. काही टंकलेखन-पद्धती असे लिहितात. दिसण्यात तो तसाच असला तरी युनिकोड या रूपास आधीच्या दोहोंशी समतुल्य मानत नाही, आणि गिटचे कोणतेही सेटिंग हा भेद मिटवीत नाही. एकाच फोल्डरमध्ये, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली त्यामुळे सुखाने नांदू शकतात. अनेक जण मिळून काम करीत असतील तर टंकलेखनाची पद्धत आधी ठरवून घ्यावी. ते शक्य नसल्यास फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवून देवनागरी आतील मजकुरापुरती राखावी. नावाच्या लांबीचाही विचार करावा लागतो. लिनक्सवरील प्रचलित फाइल-व्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे, आणि त्यात प्रत्येक मात्रा वेगळी मोजली जाते.

आतील मजकूर यूटीएफ-८ मध्ये असावा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये पूर्वी ‘युनिकोड’ हा पर्याय निवडल्यास फाइल यूटीएफ-१६ मध्ये साठवली जात असे, आणि अशी फाइल गिट मजकूर न मानता द्विमान मानते. बदलांऐवजी फाइली भिन्न आहेत एवढेच सांगते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या जुन्या फाइलींची अडचण निराळी आहे. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच असतात आणि फाँटामुळे ती देवनागरी दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय भांडारात ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

गद्य लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. गिट ओळीगणिक तुलना करते, आणि लेखातील एक परिच्छेद म्हणजे पुष्कळदा एकच लांब ओळ असते. एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ या आज्ञेने शब्दागणिक फरक दिसतो. मराठी शब्दांत मोकळ्या जागा असतातच, म्हणून ती आपल्या भाषेस चांगली चालते.

सर्व्हरशी जोडणी

संगणकावर भांडार तयार झाल्यानंतर ते सर्व्हरवर पाठवण्यासाठी स्वतंत्र ओळखपत्र लागते. ‘यूझर.नेम’चा त्याच्याशी काही संबंध नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. त्याऐवजी टोकन किंवा एसएसएच किल्ली वापरावी लागते. ‘एसएसएच-कीजेन -टी एड२५५१९’ या आज्ञेने किल्ल्यांची जोडी तयार होते. ‘.पब’ने संपणारी फाइल सार्वजनिक असून तीच संकेतस्थळावर चिकटवायची असते. दुसरी फाइल कोणासही देऊ नये, मदत मागतानाही नाही.

टोकन वापरणाऱ्यांसाठी ‘क्रेडेन्शियल.हेल्पर’ हे सेटिंग आहे. त्याचे ‘कॅश’ हे मूल्य टोकन पंधरा मिनिटे स्मृतीत ठेवते. ‘स्टोअर’ हे मूल्य ते गृह-फोल्डरमध्ये साध्या, कोणालाही वाचता येईल अशा मजकुरात लिहून ठेवते. सोयीचे म्हणून ते वारंवार सुचवले जाते, परंतु सामायिक संगणकावर ते कदापि वापरू नये. मॅकवर ‘ओएसएक्सकीचेन’ व विंडोजवर ‘गिट क्रेडेन्शियल मॅनेजर’ हे अधिक सुरक्षित पर्याय आहेत.

सामायिक संगणक व सुरक्षितता

गिटची काही सेटिंग्ज दुसरे कार्यक्रम चालवू शकतात. संपादक, पाने उलटणारे साधन, उद्गारचिन्हाने सुरू होणारी लघुरूपे, ही सर्व त्याच प्रकारची आहेत. म्हणून दुसऱ्याने लिहिलेली कॉन्फिगरेशन-फाइल आपल्या नकळत वाचली जाणे धोक्याचे असते, आणि प्रत घेताना लोकल कॉन्फिगरेशन सोबत न येण्याचे कारणही हेच.

एप्रिल २०२२ मध्ये या संबंधीची एक त्रुटी दूर करण्यात आली. गिट चालू फोल्डरपासून वरवर जात ‘.गिट’ शोधते. अनेकांच्या वापरातील विंडोज संगणकावर एखाद्याने सी ड्राइव्हच्या मुळाशीच ‘.गिट’ फोल्डर करून ठेवले, तर इतरांनी दिलेल्या आज्ञा त्यातील सेटिंग्ज वाचू शकत होत्या. २.३५.२ या आवृत्तीपासून गिट भांडाराचा मालक तपासते. तो वेगळा असल्यास मालकी संशयास्पद असल्याचे सांगून थांबते, आणि ‘सेफ.डिरेक्टरी’मध्ये त्या फोल्डरचा मार्ग नोंदवण्यास सुचवते. हे सेटिंग लोकल पातळीवर लिहिले तर मानले जात नाही. अन्यथा संशयिताने स्वतःच स्वतःची हमी दिल्यासारखे झाले असते. कटकट टाळण्यासाठी त्यात तारकाचिन्ह घालावे असा सल्ला दिला जातो. त्याने तपासणीच पूर्णपणे बंद होते. फक्त विश्वासाच्या फोल्डरांचे मार्ग एकेक करून द्यावेत.

ही तपासणी एका प्रसंगी उपयोगी पडत नाही. पेनड्राइव्हवरून किंवा झिप फाइलीतून कोणी संपूर्ण भांडार दिले, तर त्यातील ‘.गिट’ फोल्डर व लोकल कॉन्फिगरेशनही येते, आणि फाइली आपणच उलगडल्यामुळे मालक आपणच ठरतो. अशा भांडारात कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी ‘.गिट’मधील ‘कॉन्फिग’ ही फाइल साध्या संपादकात उघडून वाचावी.

इतर सेटिंग्ज

‘इनिट.डिफॉल्टब्रांच’ हे सेटिंग नव्या भांडाराच्या पहिल्या शाखेचे नाव ठरवते. ते जुलै २०२० मध्ये २.२८ या आवृत्तीत आले. गिटचे स्वतःचे नाव ‘मास्टर’ असले तरी गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांसाठी ‘मेन’ स्वीकारले; दोन्हीकडे एकच नाव ठेवल्यास घोटाळा टळतो. ‘एलियास’ विभागात वारंवार लागणाऱ्या आज्ञांना लघुरूपे देता येतात. ‘कोअर.एक्सक्लूड्सफाइल’मध्ये एका फाइलीचा मार्ग देऊन, संपादकाच्या तात्पुरत्या फाइली व पासवर्ड असलेल्या फाइली सर्वच भांडारांतून वगळता येतात. परंतु एकदा नोंदवली गेलेली फाइल या यादीत घातल्याने इतिहासातून जात नाही. पासवर्ड नोंदीत जाऊन सर्व्हरवर पोहोचला असेल, तर इतिहास पुसण्याच्या खटाटोपाआधी तो पासवर्डच बदलावा.